एकच लेन्स, दोन अंतरं

पावसाळा सुरू झाला की आमच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, यंदा कासला जायचंय. कॅमेऱ्याला एकच लेन्स घ्यायची तर कोणती घेऊ?" विचारणारा कधी नवा शिक्षक असतो, कधी बी.एड.च्या सरावपाठांसाठी आलेला मुलगा, कधी एखादा पालक. माझं उत्तर ठरलेलं असतं: सुपरझूम घ्या. मग माणूस घरी जातो, यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहतो आणि दुसऱ्या दिवशी जरा नाराज होऊनच येतो. सुपरझूम म्हणजे सगळं थोडं थोडं येतं आणि धड काहीच येत नाही, असं तिथल्या जाणकारांनी त्याला सांगितलेलं असतं.

जाणकार खोटं बोलत नाहीत. पण ते ज्या कामासाठी लेन्स तपासतात ते काम आपलं नसतं. आपण सातारा-सांगलीकडची नोकरदार माणसं वर्षातून दोन-चार वेळा फिरायला निघतो. सोबत बायको-मुलं असतात, म्हातारी आई असते, डबा असतो, छत्र्या असतात. अशा प्रवासाला एकाच लेन्समध्ये सगळं मिळणं ही तडजोड वाटत असली, तरी माझ्या मते तोच शहाणा पर्याय आहे. मात्र या लेन्सला दोन टोकं आहेत. कोणतं टोक कुणाकडे रोखायचं हे यूट्यूबवर फारसं कुणी सांगत नाही, आणि आजचं लिखाण मुख्यतः त्यासाठीच आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. लेन्सवर मिलिमीटरमध्ये आकडे लिहिलेले असतात. आकडा लहान तितकं दृश्य रुंद, आकडा मोठा तितकी दूरची वस्तू जवळ. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ८४ अंशांचं दृश्य पकडते. २०० मिमीवर ते १२ अंशांवर येतं आणि ४०० मिमीवर जेमतेम ६ अंश उरतात. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स तीनपट झूम देते. सुपरझूम सातपट, दहापट, कधी वीसपटीच्याही पुढे जाते.

फोटोच्या कॅमेऱ्यांसाठी झूम लेन्स प्रथम बाजारात आली ती १९५९ मध्ये, फोइग्टलेंडर कंपनीची झूमार, ३६ ते ८२ मिमीची. तेव्हा एवढाही पल्ला नवल होता. १९९२ मध्ये जपानच्या टॅमरॉनने २८-२०० ही लेन्स काढली आणि ती एका माणसाच्या हातात मावत होती. प्रवासासाठी एकच लेन्स ही कल्पना घरोघरी पोचली ती तिथपासून. पुढे २००५ मध्ये निकॉनची १८-२०० आली, तिच्यात हाताची थरथर सावरणारी यंत्रणा होती. २०१७ मध्ये टॅमरॉनची १८-४०० आली, म्हणजे तब्बल बावीसपट झूम. आता मिररलेस कॅमेरे आले तरी ही जात टिकून आहे. कॅननची २४-२४० (२०१९), निकॉनची २४-२०० (२०२०), सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी टॅमरॉनची २८-२०० (२०२०), निकॉनचीच २८-४०० (२०२४). कंपन्या हौसेखातर तीस वर्षं एकच माल काढत राहत नाहीत. घेणारा आहे म्हणून काढतात.

तरीही सुपरझूमवरचे आरोप बिनबुडाचे नाहीत, ते एकदा नीट समजून घ्यावेत. पहिला आरोप उजेडाचा. लेन्सचं तोंड किती उघडतं ते एफच्या आकड्याने सांगतात आणि आकडा लहान तितका उजेड जास्त. सुपरझूम लांबच्या टोकाला एफ ५.६ किंवा ६.३ पर्यंत आवळते, निकॉनची २८-४०० तर ८ पर्यंत जाते. व्यावसायिक झूम एफ २.८ ची असते. २.८ आणि ६.३ यांच्यात उजेडाचा फरक सुमारे पाचपट पडतो. दुसरा आरोप धारेचा. रुंद दृश्याला लागणारी काचांची मांडणी वेगळी आणि लांबच्या दृश्याला लागणारी वेगळी. एकाच नळीत दोन्ही बसवायच्या तर कुठेतरी पाणी मुरणारच. कोपरे मऊ येतात, लांबच्या टोकाला बारकावे किंचित विरघळतात, सरळ भिंत रुंद टोकाला फुगीर दिसते. तिसरा आरोप बांधणीचा. झूम करताना नळी बाहेर सरकते, हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळही. जुनी झाली की मान खाली घातल्यावर ती आपोआप लोंबायला लागते.

यातला भिंत फुगण्याचा दोष आज कॅमेराच सॉफ्टवेअरने दुरुस्त करतो. कोपऱ्यांचा मऊपणा मोठ्या प्रिंटमध्ये दिसतो, मोबाइलवर किंवा अल्बममधल्या पाच-सात इंची प्रिंटमध्ये शोधूनही सापडत नाही. उजेडाचा दोष मात्र खरा आहे आणि कोणतंही सॉफ्टवेअर तो पूर्ण झाकू शकत नाही. त्याच्याकडे पुढे येतोच.

आता आपल्या मुलखात चला. सातारा शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर ठोसेघर. दरीपलीकडच्या कठड्यावरून धबधबा पाहायचा. पूर्ण कडा चौकटीत हवा तर रुंद टोक, पाण्याची एकच धार कातळावर फुटताना हवी तर लांब टोक. हवेत तुषार इतके की चष्मा मिनिटाला पुसावा लागतो. अशा जागी कॅमेऱ्याची लेन्स काढून दुसरी लावणं म्हणजे भर पावसात घराचं कौल काढण्यासारखं आहे. तिथून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या. तिथला वारा उघड्या कॅमेऱ्यात धूळ भरायला एक क्षण पुरतो. लांबच्या टोकाने पाहिलं तर एरवी विखुरलेल्या पवनचक्क्या एकमेकींना चिकटून उभ्या असल्यासारख्या दिसतात, कारण लांबून पाहताना पुढच्या-मागच्या वस्तूंमधलं अंतर दबून जातं. रुंद टोकाने पाहिलं तर आभाळ मोठं आणि चक्क्या खेळण्यांएवढ्या. दोन्ही फोटो खरे आणि दोन्ही एकाच लेन्सचे.

वजनाचाही हिशेब करा. निकॉनची २४-२०० भरते ५७० ग्रॅम. जवळजवळ तेवढ्याच पल्ल्याच्या एफ २.८ च्या दोन व्यावसायिक झूम घेतल्या, तर दोन किलोंच्या वर ओझं होतं आणि पैशांचा फरक तर विचारूच नका. एसटीत मांडीवर पोर घेऊन बसलेल्या माणसाला दीड किलो म्हणजे काय हे कळतं. शिवाय लेन्स बदलणाऱ्यासाठी घरच्यांना थांबावं लागतं. सहलीत सगळ्यांना सारखं थांबवून ठेवणारा माणूस मी पाहिला आहे, तुम्हीही पाहिला असेल. त्याचे फोटो चांगले येतात, पण त्या फोटोंतली माणसं वैतागलेली असतात.

"मोबाइल असताना हे सगळं कशाला?" असं कुणी विचारेल. रुंद दृश्याला आजचा मोबाइल उत्तम आहे, त्यात वाद नाही. घरच्यांचे फोटो, जेवणाचं ताट, गडाचा दरवाजा, सगळं मोबाइलमध्ये छान येतं. दूरच्या वस्तूला मात्र तो हात टेकतो, किंवा नसलेले बारकावे स्वतःच रचून देतो. समोरच्या कड्यावरचा ससाणा, तळ्यातला करकोचा, दरीपलीकडची वाडी यांसाठी काचच लागते. म्हणजे आपण सुपरझूम घेतो ती मुख्यतः लांबच्या टोकासाठी. म्हणून त्या टोकाबद्दल जरा जास्त बोललं पाहिजे.

कास पठार घ्या. साधारण १२०० मीटर उंचीवरचा हा सडा. कातळावर मातीचा पातळ थर, त्यावर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचे गालिचे. साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद तिथे झाली आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, त्यात कास आहे. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी, किडे पकडणारी दवबिंदू आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. नावं लिहितानाही बरं वाटतं. गर्दी इतकी वाढली की वनखात्याला आणि आसपासच्या गावांच्या समित्यांना रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली, ऑनलाइन नोंदणी ठेवावी लागली.

तिथे नुकसान कशाने होतं? फुलं तोडणारे आहेतच, पण फोटोसाठी गालिच्यात पाय टाकणारे त्यांच्याहून जास्त. मातीचा थर इतका पातळ असतो की एका पावलाने तो दबतो, त्यातलं बी दबतं आणि पुढच्या वर्षी त्या जागी टक्कल दिसतं. किट लेन्सवाला आत शिरतो, कारण त्याला फूल मोठं हवं असतं. मोबाइलवाला तर आडवाच होतो. लांब टोक असलेला माणूस वाटेच्या कडेला बसूनही काम भागवू शकतो. टॅमरॉनची १८-४०० तर ४०० मिमीवरही ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. म्हणजे कडेच्या फुलाची जेमतेम सात सेंटिमीटरची जागा चौकटभर होते. आतली फुलं तेवढी मोठी दिसणार नाहीत, पण आहेत तिथे आहेत तशी राहतील. इथे अंतर राखणं हाच अदब आहे, आणि सुपरझूम तो पाळायला मदत करते.

सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य असंच. उजाड डोंगरांवर माणसांनी मेहनतीने उभं केलेलं हे जंगल. तिथल्या सांबराला, चितळाला पाहायचं तर लांबूनच, गाडीतून उतरून मागे धावत सुटायचं नाही. खटाव तालुक्यात येरळवाडीच्या तलावावर रोहित पक्षी उतरतात, तेव्हाही तेच. थवा उडवून लावला की उडतानाचा झकास फोटो मिळतो, पण लांबून आलेल्या पक्ष्याचं खाणं-विसावणं त्या एका क्लिकपायी मोडतं. सुपरझूमने रोहित चौकटभर दिसणार नाही हे आधीच सांगतो, त्याला याहून लांब आणि महागड्या लेन्स लागतात. पाणी, गुलाबी थवा, मागे माणदेशाच्या कोरड्या टेकड्या असा फोटो मात्र नक्की मिळेल. मला तर तोच जास्त बोलका वाटतो, कारण पक्षी कुठे आला आहे ते त्यात दिसतं.

इथवर लांबचं टोक गुणीच ठरलं. आता मिरजेला चला, म्हणजे त्याच टोकाची दुसरी बाजू दिसेल.

मिरजेत सतारी आणि तानपुरे बनतात. एकोणिसाव्या शतकात तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि पुढे बनवायला लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात ते दफन आहेत. दर्ग्याच्या उरसात संगीत सभा होते आणि देशभरातले गवई हजेरी लावून जातात.

सतारीचा कारखाना म्हणजे बहुतेक ठिकाणी एक लांबट खोली. वर टांगलेले वाळलेले भोपळे, भिंतीला टेकलेल्या दांड्या, खाली बसलेला कारागीर आणि उजेड फक्त दारातून येणारा. तिथे सुपरझूम हरते. समजा एफ १.८ ची साधी ५० मिमीची लेन्स आहे आणि तिने आयएसओ ८०० वर फोटो नीट येतो. तोच फोटो त्याच शटरवर सुपरझूमच्या एफ ५.६ ने घ्यायचा तर उजेड दहापट कमी, म्हणजे आयएसओ आठ हजारांच्या घरात न्यावा लागतो. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात. म्हणून माझा सल्ला असा की सुपरझूमसोबत एक स्वस्तातली ५० किंवा ३५ मिमीची एफ १.८ लेन्स घ्या. आकाराने ती मुठीएवढी, कुठल्याही पिशवीच्या कोपऱ्यात बसते.

पण मुद्दा उजेडापुरता नाही. त्या छोट्या लेन्सला झूम नसतो. कारागिराचा हात मोठा हवा तर तुम्हाला चपला काढून आत जावं लागतं, सलाम किंवा नमस्कार करावा लागतो, त्याच्या शेजारी बसावं लागतं. तो जवारी लावत असेल, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा नाद खुलवत असेल, तर मध्ये बोलायचं नसतं, कारण त्याचं सगळं लक्ष कानात असतं. मग चहा येतो. मग तो विचारतो, कुठले, काय करता. चहा संपेपर्यंत फोटो निम्मा झालेला असतो. सुपरझूमवाला हाच फोटो रस्त्यापलीकडून २०० मिमीने काढून पुढच्या गल्लीत निघून जाऊ शकतो. त्याला हात मिळेल, पण त्या हाताचा माणूस मिळणार नाही.

भाषा शिकवणाऱ्या माणसाची खोड म्हणा, मला इथे आपल्या क्रियापदाची गंमत वाटते. मराठीत आपण फोटो 'काढतो'. चित्र काढतो त्यात काढणं म्हणजे घडवणं. विहिरीतून पाणी काढतो, खिशातून पैसे काढतो त्यात काढणं म्हणजे एका ठिकाणचं दुसरीकडे नेणं. माणसाचा फोटो या दोन्ही अर्थांनी काढता येतो. त्याच्याशी बोलून काढला तर पहिला अर्थ, नकळत काढला तर दुसरा.

कडेगावचा मोहरम आठवा. गगनचुंबी ताबूत, त्यांत हिंदू घराण्यांच्या मानाचे ताबूतही, भर चौकात होणाऱ्या त्यांच्या भेटी आणि त्या पाहायला लोटलेला सर्व जातिधर्मांचा समाज. फोटोवाल्यांसाठी हा मोठा दिवस. इथे सुपरझूमचं रुंद टोक उपयोगी, कारण गर्दीत मागे सरकायला जागा नसते आणि ताबूत खालच्या खांद्यांपासून वरच्या टोकापर्यंत एका चौकटीत बसवायचा असतो. मिरवणूक ही सगळ्यांसमोर निघालेली गोष्ट आहे, तिचा फोटो काढताना कुणाची इजाजत मागत बसायची गरज नाही. पण त्याच गर्दीत एखादी बाई डोळे पुसत उभी असते. तिच्या चेहऱ्यावर ३०० मिमीचा झूम लावला की ती मिरवणुकीचा भाग राहत नाही. तिचं रडणं तिच्या परवानगीशिवाय आपल्या कार्डात येतं.

हे मी फक्त आपल्या माणसांच्या बाजूने सांगत नाही. आषाढात माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून लोणंदला सातारा जिल्ह्यात येते, तरडगावाजवळ चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं, पुढे फलटण. आपल्यातले कितीतरी तरुण हौसेने तिथे फोटो काढायला जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. रिंगणातला घोडा काढा, दिंडीचा पूर काढा, तुळस डोक्यावर घेतलेल्या आजीला "आजी, एक फोटो काढू का?" म्हणून विचारून काढा. पण पहाटे नदीवर, टँकरपाशी अंघोळ करणाऱ्या बायाबापड्यांवर लांबून लेन्स रोखणं हा भक्तीचा फोटो नव्हे. आपल्या घरातल्या बाईचा असा फोटो कुणी काढला तर आपण काय करू, एवढा प्रश्न स्वतःला विचारला की पुरे.

मुसलमान घरात वाढलेल्या पोराला नजर खाली ठेवायला लहानपणीच शिकवतात. सूरह नूरमध्ये ही शिकवण आहे, आणि ती आधी पुरुषांना उद्देशून आहे, मग स्त्रियांना. त्याच सूरहमध्ये थोडं आधी दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय शिरू नका असंही सांगितलेलं आहे. आपल्याकडे तसवीर काढावी की नाही यावर पिढ्यान् पिढ्या चर्चा झाली. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि निकाहपासून हजपर्यंत सगळ्याचे फोटो निघतात. मला वाटतं, आज त्या चर्चेपेक्षा या दोन शिकवणी आपल्या जास्त कामाच्या आहेत. २०० मिमीची लेन्स ही नजरच आहे, फक्त लांब हाताची. आणि कुणाच्या खिडकीतून आत पोचणारी लेन्स दारातून न शिरता घरात शिरलेली असते.

यावर एक रास्त हरकत आहे. विचारलं की माणूस सावध होतो, केस सारखे करतो, ताठ उभा राहतो आणि सहजपणा जातो. खरं आहे. पण सहजपणा जातो तो पहिली दोन मिनिटं. भाजी विकणारी बाई पोज देऊन कंटाळते, गिऱ्हाईक येतं आणि ती आपल्या कामाला लागते. थांबणाऱ्याला तो फोटो मिळतो. घाई असणाऱ्याला मिळत नाही, आणि झूमने चोरून काढलेला फोटो बहुतेक वेळा त्या घाईचाच असतो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम ५० मिमीच्या एका लेन्सवर केलं, तेही रस्त्यावरच्या माणसांचं. तेही दर वेळी विचारून फोटो काढत नसत. पण माणसांमध्ये उभे राहून काढत, समोरच्याला दिसतील आणि तो त्यांना अडवू शकेल इतक्या अंतरावरून. समोरच्याला 'नको' म्हणायची संधी राहते का, हा मला महत्त्वाचा फरक वाटतो.

दुसरी हरकत बातमीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा लांबून घेतलेल्या फोटोंनीच जगाला कळलं की छपरांवर माणसं अडकली आहेत. अशा वेळी कुणी इजाजत मागत बसू नये. बातमीदाराचं ते कर्तव्य आहे, आणि फोटो मदत घेऊन येतो. सहलीला गेलेल्या माणसावर असं कोणतंही कर्तव्य आलेलं नसतं. त्याने बातमीदाराची सवलत वापरू नये, एवढंच.

या सगळ्याची किंमत पूर्वी कमी होती. फोटो अल्बममध्ये जायचा आणि कपाटात राहायचा. आता तो संध्याकाळी ग्रुपवर जातो, तिथून दुसऱ्या ग्रुपवर, आणि कधीतरी भलत्याच मजकुराखाली उगवतो. उरसातल्या टोपीवाल्या पोराचा निरागस चेहरा, नमाजची रांग, बुरख्यातली आजी यांच्या फोटोंखाली कोण काय लिहील याचा भरवसा राहिलेला नाही, आणि हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना त्याची झळ माहीत आहे. ज्याचा चेहरा आहे त्याला फोटो काढल्याचंच माहीत नसेल, तर तो तक्रार तरी कुणाकडे करणार? म्हणून विचारून काढलेला फोटोही ग्रुपवर टाकण्याआधी पुन्हा विचारावा. फोटो काढायला होकार म्हणजे गावभर फिरवायला होकार नव्हे.

आता घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. जुना डीएसएलआर घरात असेल तर त्यासाठी नवा कॅमेरा घेण्याचं कारण नाही. लोक मिररलेसकडे वळले आहेत, त्यामुळे डीएसएलआरच्या वापरलेल्या सुपरझूम लेन्स बऱ्या दरात मिळतात. घेताना लेन्स उजेडाकडे धरून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स घेऊ नका. झूम पूर्ण बाहेर काढून हलवून पाहा, फार खडखडत असेल तर सोडून द्या. ती आपल्या कॅमेऱ्याला बसते का, आपोआप फोकस होतो का, हे दुकानातच पाहा. आणि थरथर सावरणारी यंत्रणा लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात हवीच. ती नसेल तर २०० मिमीवर शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा मंद ठेवू नका.

आपल्याकडे, विशेषतः महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला, पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी येते, मग लेन्सला का येणार नाही? घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून तीत लेन्स ठेवा, पुड्या अधूनमधून वाळवा. ठोसेघरहून आलात की लेन्स तशीच पिशवीत कोंबू नका, पुसून पंख्याखाली ठेवा. आणि हप्त्यावर घेत असाल तर एक हिशेब आधी करा: त्या हप्त्यांत सहली किती होतील? लेन्स कपाटात आणि माणूस घरात, अशी हौस मी पुष्कळ घरांत पाहिली आहे.

शेवटी एक सवय सुचवतो. ज्यांचे फोटो विचारून काढलेत त्यांना ते पोचवा. मोबाइलवर पाठवलात तरी चालेल, पण प्रिंट काढून दिलात तर फार चांगलं. एका प्रिंटला चहाच्या दोन-तीन कपांएवढा खर्च येतो. मिरजेचा कारागीर, फलटणची आजी, कासला वाटेवर कणीस विकणारा मुलगा यांचे हजारो फोटो दरवर्षी निघतात. त्यातले त्यांच्या घरच्या भिंतीवर किती पोचतात, ते पुढच्या वेळी जाल तेव्हा सहज पाहून या. एखादी भिंत रिकामी दिसली तर तिथला फोटो तुम्ही देऊ शकता.